ऑर्क्स मस्ट डाय: सापळे लावायचा हा गेम इतका आवडतो का, आणि इतका चिडवतो का?

रील्स किंवा शॉर्ट्स चाळताना असा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोर कधीतरी आला असेल. दगडी किल्ल्यातला एक बोळ. समोरून राक्षसांची झुंड आरडाओरडा करत धावत येते. त्यांचे पाय डांबरात रुततात. फरशीतून काटे वर येतात, भिंतीतून बाण सुटतात, छतावरून लोखंडी ठोकळा आदळतो. एवढ्यातून जे वाचतात त्यांना भिंतच ढकलून खाली लाव्हात पाठवते. अर्ध्या मिनिटात बोळ रिकामा, आणि खेळणारा बाजूला उभा राहून नुसता बघतोय.

खाली कमेंटमध्ये निम्मे लोक गेमचं नाव विचारत असतात. उरलेल्यांनी तो खेळलेला असतो आणि ते आपापली दुःखं सांगत असतात.

नाव आहे 'ऑर्क्स मस्ट डाय'. २०११ साली आलेला हा गेम आणि त्याचे पुढचे भाग आजही खेळले जातात. या गेमबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. त्यातली मजा आणि त्यातला मनस्ताप या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्ही एकाच कल्पनेतून निघतात. ती कल्पना समजली की हा गेम तुमच्यासाठी आहे का, हेही कळतं.

टॉवर डिफेन्स म्हणजे काय?

शत्रू एका वाटेने येतात, लाटांमागून लाटा. वाटेच्या शेवटी काहीतरी असतं जे तुम्हाला वाचवायचं असतं. तुम्ही वाटेच्या कडेला मनोरे उभारता, मनोरे आपोआप मारा करतात, मेलेल्या शत्रूंमागे पैसे मिळतात, त्या पैशांतून आणखी मनोरे. एवढंच. 'वॉरक्राफ्ट ३' या गेममध्ये खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या नकाशांतून हा प्रकार फोफावला. २००७ च्या 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स'ने तो ऑफिसातल्या ब्राउझरपर्यंत आणला आणि २००९ च्या 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज'ने घराघरांत. सूर्यफुलं लावून झॉम्बी अडवणारा तो गेम आठवत असेल तर तुम्ही टॉवर डिफेन्स खेळलेला आहात.

या सगळ्या गेममध्ये तुम्ही वरून बघता, एखाद्या देवासारखे. बोट कुठे ठेवायचं तेवढं ठरवता. 'ऑर्क्स मस्ट डाय'ने दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे मनोऱ्यांच्या जागी सापळे आले. सापळा लांबून मारा करत नाही, शत्रू त्याच्या तावडीत यावा लागतो. दुसरी म्हणजे खेळाडूला आकाशातून उचलून थेट बोळात उभं केलं. हातात धनुष्यासारखं चाप असलेलं यंत्र, म्हणजे क्रॉसबो, आणि जवळच्या मारामारीसाठी एक हत्यार. सापळ्यांतून जो निसटेल त्याला तुम्ही गाठायचं.

त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०११ मध्ये, 'डंजन डिफेंडर्स' नावाचा दुसरा गेमही जवळपास हीच जोडी घेऊन आला होता. स्वीडनच्या एका टीमचा 'सँक्टम' त्याच वर्षी थोडा आधी आलेला. म्हणजे कल्पना हवेतच होती. पण सापळ्यांचा विचार सगळ्यात पक्का केला तो 'ऑर्क्स मस्ट डाय'नेच.

बनवणारे कोण?

'एज ऑफ एम्पायर्स' हे नाव ज्यांना सायबर कॅफेच्या दिवसांची आठवण करून देतं त्यांनी इथे जरा थांबावं. तो गेम बनवणारा एन्सेंबल स्टुडिओज हा अमेरिकेतल्या टेक्सासमधला स्टुडिओ. मायक्रोसॉफ्टने तो २००९ च्या सुरुवातीला बंद केला. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी काही जणांनी टेक्सासमध्येच रोबोट एंटरटेनमेंट नावाची नवी कंपनी काढली. साम्राज्यं उभी करणारे गेम बनवण्यात ज्यांची वर्षं गेली, त्यांनी आता एका बोळावर लक्ष एकवटलं होतं.

गोष्ट मुद्दामच पोरकट आहे. एका जादुई भगदाडाची, म्हणजे 'रिफ्ट'ची, राखण करणारे 'वॉर मेज' नावाचे योद्धे असतात. शेवटचा मोठा योद्धा कुठल्या थोर लढाईत मरत नाही, घसरून डोकं आपटल्यामुळे मरतो. मागे उरतो त्याचा बढाईखोर, फारसं डोकं नसलेला चेला. ऑर्क, म्हणजे टोल्किनच्या कथांमुळे जगभर माहीत झालेले ते राक्षसी सैनिक, दारं फोडून आत शिरतात आणि रिफ्टकडे धावतात. जो आत पोचेल तो तुमचे काही गुण खातो. गुण संपले की हरलात.

रक्ताचे शिंतोडे उडतात, धडं हवेत फेकली जातात, पण सगळं कार्टूनसारखं. लहान मुलांच्या हातात देण्याआधी पाच मिनिटं स्वतः बघून घेतलेलं बरं.

बोळाचं गणित

आता खरा मुद्दा. सापळे लावण्यात एवढं काय आहे?

समजा बोळ १० मीटर लांब आहे आणि ऑर्क सेकंदाला २ मीटर चालतो. म्हणजे तो ५ सेकंद बोळात असतो. भिंतीतला बाणांचा सापळा दर ५ सेकंदांनी एकदा सुटतो असं धरलं तर त्याला एकदाच मार बसेल. आता फरशीवर डांबर ओतलं आणि त्याचा वेग निम्मा केला. तो १० सेकंद बोळात राहील, आणि तोच सापळा दोनदा सुटेल. डांबराने एकही ऑर्क मेला नाही, तरी एका सापळ्याच्या पैशात दोन सापळ्यांचं काम झालं. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, गेममधले नाहीत.)

म्हणून या गेममध्ये सगळ्यात मोलाच्या वस्तू मारणाऱ्या नाहीत, रखडवणाऱ्या आहेत. डांबर आहे, आणि लाकडी अडथळा आहे ज्याला बॅरिकेड म्हणतात. बॅरिकेड लावून तुम्ही ऑर्कांना जवळच्या वाटेऐवजी लांबच्या वाटेने वळवता. वाट पूर्ण बंद केलीत तर ते अडथळाच फोडायला लागतात. म्हणून एक फट कायम ठेवायची, आणि ती फट जिथे आहे तिथे जगातलं सगळं लोखंड लावायचं.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. रायगडाच्या महादरवाजाकडे जाताना दरवाजा समोरून दिसतच नाही. दोन बुरुजांमधल्या वळणातून यावं लागतं, आणि तेवढा वेळ वरून मारा होऊ शकतो. देवगिरीच्या किल्ल्यातली 'अंधारी' तर याच्याही पुढची: काळाकुट्ट, वळणावळणाचा भुयारी रस्ता, आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून आत धूर कोंडायची सोय. दौलताबादच्या सहलीला गाईडने मशाल धरून जे सांगितलं होतं, ते सगळं या गेमच्या पहिल्या तासात पुन्हा शिकायला मिळतं.

पण गणित इथेच संपत नाही. सापळा एकदा सुटला की पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. आणि सापळा माणूस ओळखत नाही. एकटा पुढे पळत आलेला किरकोळ शत्रू काट्यांवर पाय ठेवतो, पाठोपाठच्या चार सापळ्यांवरून धावतो, सगळे सापळे त्या एकट्यावर सुटतात, आणि मागून येणाऱ्या पंचवीस जणांसाठी बोळ काही सेकंद निव्वळ फरशी होऊन बसतो. गेममध्ये 'कोबोल्ड' नावाचे बुटके, वेगवान प्राणी आहेत. मरायला अगदी सोपे. पण ते झुंडीच्या पुढे पळत येऊन नेमका हाच घोळ घालतात. अशा वेळी तुम्ही स्वतः पुढे उभं राहून त्यांना सापळ्यांपर्यंत पोचण्याआधीच टिपलं पाहिजे. सापळ्यांची राखण करणं हेही तुमचंच काम आहे, हे कळायला बहुतेकांना दोन-तीन हरलेल्या लढाया लागतात.

मजा नेमकी कशात

पहिली लाट येण्याआधी घड्याळ चालू नसतं. हवा तितका वेळ घ्या. दालनात फिरा, छताकडे बघा, कुठे किती रुंदी आहे ते मोजा. मधल्या काही लाटांनंतरही असाच बेमुदत थांबा मिळतो, तुम्ही बटण दाबल्याशिवाय पुढची लाट येत नाही. दुसऱ्या कुठल्या मारधाडीच्या गेममध्ये असा निवांतपणा क्वचितच मिळतो. एखाद्या रविवारी कपाट आवरायला बसावं तसा हा वेळ जातो.

मग दारं उघडतात आणि तुमची कल्पना चालते की नाही ते समोर दिसतं. हे 'समोर' महत्त्वाचं आहे. वरून बघायच्या गेममध्ये शत्रूच्या डोक्यावरची पट्टी कमी होते आणि तो नाहीसा होतो. इथे फरशीची फळी स्प्रिंगसारखी उसळते आणि ऑर्क अक्षरशः उडून जातो. त्याला कुठे पाडायचं हे तुम्ही फळी लावतानाच ठरवलेलं असतं: आम्लाच्या डबक्यात, पुलाखाली, की दुसऱ्या सापळ्यावर. वाऱ्याचा झोत सोडायची एक जादू आहे. ती अरुंद पुलावर वापरली की आठ-दहा जण एकदम खाली. यात कौशल्य किती हा प्रश्नच आहे, पण हसू येतं हे नक्की.

आणखी एक चांगली गोष्ट: गेम कंटाळवाण्या शहाणपणाला बक्षीस देत नाही. एकाच ऑर्कवर जितक्या निरनिराळ्या तऱ्हांनी मार बसेल तितका 'कॉम्बो' वाढतो आणि जास्त नाणी मिळतात. डांबर, मग बाण, मग काटे, शेवटी तुमचा क्रॉसबो. म्हणजे एकच जालीम सापळा दहा वेळा लावण्यापेक्षा विचित्र मिश्रण फायद्याचं ठरतं. प्रत्येक लेव्हलच्या शेवटी कामगिरीप्रमाणे कवट्या मिळतात, जास्तीत जास्त पाच, आणि त्या खर्चून सापळे सुधारता येतात. कोणी आत न जाऊ देता आणि लवकर संपवलंत तर पाच. हा 'लवकर' शब्द लक्षात ठेवा, तो पुढे त्रास देणार आहे.

आणि मग डोकं फिरतं

अशी कल्पना करा. सहा दारांची मोठी लेव्हल आहे. अर्धा तास झाला. तुमचा बोळ इतका सुंदर चालतोय की गेल्या तीन लाटांत तुम्ही एकही बाण सोडलेला नाही. शेवटच्या लाटेत तोपर्यंत गप्प असलेलं एक दार उघडतं. तिकडे एकही सापळा नाही. चिलखत घातलेले दोन अजस्र ओगर आणि पाठीमागे झुंड सरळ रिफ्टकडे निघते. मोठ्या शत्रूने आत पाऊल टाकलं की गुणही जास्त जातात. दीड मिनिटात खेळ संपतो, आणि तुम्हाला पहिल्या लाटेपासून सुरुवात करावी लागते.

यात अन्याय आहे का? थोडा आहे. पहिल्या खेपेला जे कळणं शक्यच नव्हतं त्याची शिक्षा मिळते, आणि दुसऱ्या खेपेला जिंकलात तर ते डोक्यामुळे की पाठांतरामुळे, हे सांगता येत नाही. टॉवर डिफेन्समधला हा जुना रोग आहे. वरून बघायच्या गेममध्ये तो कमी जाणवतो, कारण निदान सगळा नकाशा डोळ्यांसमोर असतो. इथे तुम्ही बोळात उभे. डाव्या दालनात काय चाललंय ते कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरच्या ठिपक्यांवरून ओळखायचं. ठिपके वाढले की धावत सुटायचं, आणि तोवर उजवीकडे काहीतरी फुटलेलं असतं.

लेव्हल हरणं सोडा, कधीकधी जिंकणंही चिडवतं. पाच कवट्या हव्यात तर वेळेत संपवा, म्हणजे तो निवांत थांबा, ज्यासाठी तुम्ही हा गेम घेतला, तो संपताच भराभर लाटा बोलवायच्या. शांतपणे विचार करायला शिकवणारा गेम घड्याळ दाखवून हाकलायला लागतो. कवट्या नकोत म्हणालात तर सापळे सुधारत नाहीत आणि पुढच्या लेव्हल जड जातात.

सापळ्यांना मुळातच दाद न देणारे शत्रूही आहेत. उडणाऱ्या वटवाघळांना फरशीवरच्या डांबराचं काय? त्यांच्यासाठी तुम्हालाच मान वर करून नेम धरावा लागतो, किंवा भाड्याचे तिरंदाज उभे करावे लागतात. 'नॉल' नावाचे कुत्र्यासारख्या तोंडाचे शिकारी रिफ्टकडे बघतही नाहीत, थेट तुमच्याच मागे लागतात. काही कोबोल्ड स्फोटकं घेऊन येतात आणि अडथळा उडवतात. एवढा खपून बांधलेला रस्ता एका स्फोटात बदलतो आणि झुंड भलत्याच वाटेने निघते.

नवे खेळाडू इथेच जास्त वैतागतात. मी इतकं डोकं लावून यंत्र उभारलं आणि गेम त्या यंत्राला बगल देणारे प्राणी पाठवतो, याला काय अर्थ आहे?

अर्थ आहे. परिपूर्ण बोळ उभा राहिला की खेळाडूची गरज संपते. तो क्षण व्हिडिओत बघायला छान वाटतो, पण खेळताना चौथ्या मिनिटाला हात आपोआप मोबाईलकडे जातो. ते टाळायचं तर गेमला तुमचा बोळ मोडावाच लागतो. वटवाघळं, नॉल, शेवटचं दार हे सगळं तुम्हाला बोळात परत खेचण्यासाठी आहे. तुम्ही स्वतःला निरुपयोगी करायचा प्रयत्न करत राहायचं आणि गेमने ते होऊ द्यायचं नाही, असा हा करार आहे. तो नीट पाळला जातो तेव्हा गेम अप्रतिम वाटतो. तोल ढळला की एकतर झोप येते, नाहीतर कीबोर्ड आपटावासा वाटतो.

प्रत्येक नव्या भागाने काय करून पाहिलं

२०१२ च्या जुलैमध्ये आलेल्या दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं होतं: मित्राला बोलवा. पहिल्या भागातली खलनायिका, ती जादूगारीण, इथे जोडीदार झाली आणि दोघांना ऑनलाइन मिळून खेळता येऊ लागलं. दोन दारं, दोन माणसं. कोणतं दार कोणाचं, डांबर कोण लावणार, आणि वटवाघळं आली तेव्हा तू कुठे होतास, या वादावादीने गेमचा निम्मा कंटाळा आपोआप गेला. कायम लाटा येत राहतील असा 'एंडलेस' प्रकारही आला. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात तोललेला भाग हाच. उणीव एकच, आणि ती आपल्याकडे जास्त बोचते: एका टीव्हीसमोर बसून दोघांनी खेळायची सोय नाही. दोन यंत्रं हवीत आणि गेमच्या दोन प्रती हव्यात. भावाभावांनी मिळून एक कॉम्प्युटर वापरायच्या घरात हे जमत नाही.

त्यानंतरचा 'अनचेन्ड' हा भाग मोफत होता, आणि त्याचा किस्सा समजून घेण्यासारखा आहे. त्या काळात 'लीग ऑफ लेजंड्स'सारख्या संघ विरुद्ध संघ गेमचा बोलबाला होता. रोबोटवाल्यांनी विचार केला असावा: बोळ मोडायला संगणकाचे कोबोल्ड कशाला, समोर खरी माणसंच आणू. पाच विरुद्ध पाच. तुम्ही सापळे लावायचे आणि समोरच्या संघानेही. कागदावर उत्तर बरोबर होतं, कारण माणूस कधी तेच तेच करत नाही. पण सापळ्यांच्या गेमची जान म्हणजे तो निवांतपणा, आणि माणसांशी लढताना निवांतपणा कुठून येणार? जुन्या चाहत्यांना ऑर्क मारायचे होते, अनोळखी लोकांच्या शिव्या खायच्या नव्हत्या. स्टुडिओने पुढे तो मूळ प्रकारच काढून टाकला आणि मिळून लाटा अडवायच्या जुन्या पद्धतीवर भर दिला. तरी गेम सावरला नाही. एप्रिल २०१९ मध्ये सर्व्हर बंद झाले.

सर्व्हर बंद म्हणजे गेम गेला. तो फक्त ऑनलाइनच चालत होता, त्यामुळे त्यावर कोणी कितीही वेळ घातलेला असो, आज तो उघडता येत नाही. २०११ चा पहिला भाग मात्र आजच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. मोफत गेम डाउनलोड करताना हा फरक डोक्यात असलेला बरा.

तिसऱ्या भागाचं नशीब आणखी वेगळं. तो जुलै २०२० मध्ये आला, पण फक्त गूगलच्या स्टेडियावर. स्टेडिया म्हणजे गेम गूगलच्या कॉम्प्युटरवर चालणार आणि तुम्हाला इंटरनेटवरून फक्त चित्र दिसणार. गूगलच्या पाठबळामुळेच हा भाग बनू शकला, असं स्टुडिओचं तेव्हा म्हणणं होतं. पण स्टेडिया भारतात कधी सुरूच झालं नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या चाहत्यांना वर्षभर नुसते व्हिडिओ बघावे लागले. जुलै २०२१ मध्ये गेम पीसी आणि कन्सोलवर आला तेव्हा कुठे इथे खेळता आला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये स्टेडियाच बंद पडलं, आणि उशिरा मिळालेल्यांचं फार काही बिघडलं नाही.

या भागाने कंटाळ्यावर शोधलेलं उत्तर म्हणजे आकार. बोळाबाहेर मोकळ्या मैदानावर शेकड्यांनी ऑर्क, आणि त्यांच्यासाठी तशीच प्रचंड युद्धयंत्रं. दृश्य म्हणून पैसे वसूल. पण मैदानात बोळाची कारागिरी उरत नाही. कोणता सापळा कुठे, या बारकाव्याऐवजी किती माणसं एका वेळी हवेत उडाली याचीच मजा राहते. एक-दोनदा खेळून मन परत बोळाकडे वळतं.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'डेथट्रॅप'ने पाठांतराच्या रोगावर औषध दिलं. आता चौघांना मिळून खेळता येतं, आणि खेळाची रचना 'रोगलाइट' पद्धतीची आहे. म्हणजे ठरलेल्या क्रमाने लेव्हल नाहीत. दर वेळी समोर येणाऱ्या पर्यायांतून मोहीम निवडायची, वाटेत मिळतील त्या ताकदी आणि पदरी पडतील त्या अडचणी घेऊन जमेल तितकं पुढे जायचं, हरलात की पहिल्यापासून. अडथळ्यांच्या संख्येवरही मर्यादा आणली, म्हणजे दहा बॅरिकेड लावून अख्खी झुंड किल्लाभर फिरवत बसायची जुनी युक्ती चालेनाशी झाली. शेवटच्या दाराचा धक्का आता पाठ करता येत नाही. पण त्याबरोबर दुसरंही काही गेलं. पहिल्या दोन भागांतली प्रत्येक लेव्हल कुणीतरी हाताने रचलेलं कोडं वाटायची, ते सुटल्याचं समाधान वेगळं होतं. इथे कोडं सुटत नाही, फक्त आजची फेरी बरी जाते. चौघं मित्र असतील तर हे फारसं खटकणार नाही. एकट्याने खेळणाऱ्याला खटकेल.

तुम्हाला खेळायचा असेल तर

सुरुवात पहिल्या किंवा दुसऱ्या भागापासूनच करा. दोन्ही जुने आहेत, भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि स्टीमच्या सेलमध्ये ते बरेच स्वस्त मिळतात. एकटे असाल तर पहिला, ऑनलाइन जोडीदार असेल तर दुसरा. एकटेच असाल आणि चिडायची सवय असेल तर 'डेथट्रॅप' शेवटी ठेवा.

पहिल्यांदा कवट्यांकडे लक्ष देऊ नका. प्रत्येक लेव्हल एकदा हरायचीच आहे असं समजून खेळा आणि त्या खेपेत फक्त कोणतं दार कधी उघडतं ते बघा. नाणी आली की लगेच सगळी खर्चू नका, एका बोळात भर घालत बसण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि मग शेवटच्या दारासाठी हाती काही उरत नाही. डांबर आधी, मारणारे सापळे नंतर. आणि सापळ्यांच्या पुढे दोन पावलं उभे राहा, मागे नाही. पहिला कोबोल्ड तिथेच पडला पाहिजे.